बुंदीच्या पुड्यावरचा निबंध

आसारामअण्णांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा गावाला शोध लागला की ते विचारवंत होते.

जिवंत होते तोवर ते कंट्रोलर होते. वडवणीच्या एसटी स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी उभी नोकरी गाड्या पुकारण्यात घालवली. मेंढरं राखणाऱ्या घरातून आलेला आवाज. पुकारला की स्टँडवरची कुत्रीसुद्धा फलाट सोडून बाजूला व्हायची. गावाला त्या आवाजाचा अभिमान होता. आवाजाचा मालक दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काय लिहितो, याची चौकशी करायची गरज कुणाला वाटली नाही.

अण्णा निबंध लिहायचे.

"लेख मोठी माणसं लिहितात," ते आपल्या मुलीला, धनश्रीला म्हणायचे. "मी निबंध लिहितो. शाळेत असताना गाईवर लिहायचो, आता माणसांवर लिहितो. गाय सोपी होती."

हे निबंध माजलगावच्या इसाकभाईंच्या चार पानी साप्ताहिकात छापून येत. साप्ताहिक फारसं खपत नसे. उरलेले गठ्ठे अण्णा स्वतः उचलून आणत आणि स्टँडवरच्या बीबीजानच्या भज्यांच्या गाड्यावर फुकट देत. त्यांची ती ठरलेली रीत होती. विकत घेतलेला अंक माणूस घडी करून उशाखाली ठेवतो, त्यांचं म्हणणं, पण भज्यांचा कागद माणूस वाचतो. गाडी येईपर्यंत त्याला दुसरं काम काय? बीबीजानची तक्रार असे की गिऱ्हाईक भजी खाऊन झाली तरी कागद वाचत बसतं, बाकडं रिकामं करत नाही. अशा रीतीनं वस्तीच्या थांब्यावर गाडी का थांबत नाही, हॉटेलात कुणाचा कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असतो, कुणाच्या विहिरीवर कुणाला पाणी मिळत नाही, हे सगळं स्टँडभर वाचलं जाई. वाचून झालं की लोक त्यालाच हात पुसत. अण्णांना मिळालेलं एकमेव समीक्षण ते हेच.

धनश्री बीडच्या कॉलेजात मराठी शिकवायची. घर पुस्तकांनी भरलेलं, बोलणं कमी. अण्णा गेले त्या दिवशीही तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं आणि जमलेल्या बायकांनी ते नीट पाहून ठेवलं होतं. "शिकलेली पोरगी. रडत बी न्हाई," एक जण तिच्या पाठीमागे, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली होती.

आता प्रथम पुण्यस्मरणाचे फ्लेक्स लागले. गावच्या कमानीवरच्या फ्लेक्सवर 'थोर विचारवंत व निबंधकार' अशी अक्षरं होती. अण्णांचा फोटो तिकिटाएवढा होता, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो पासपोर्टएवढे, आणि सरपंच बजरंगतात्या तर उभ्या मापात, पांढऱ्या कपड्यांत, कानाला मोबाइल लावून श्रद्धांजली वाहत होते. फोन बहुधा वर लावलेला असावा.

*

स्मृतिग्रंथ समितीची बैठक धनश्रीच्या धाकट्या भावाच्या, हरिओमच्या ओसरीवर भरली. समिती म्हणजे बजरंगतात्या. संपादनासाठी पंडित सर होते. सर निवृत्त मुख्याध्यापक आणि तालुक्यातले ज्येष्ठ साहित्यिक. तालुक्यात दुसरा साहित्यिक नसल्यानं हे पद बिनविरोध होतं. त्यांनी लाल पेननं रंगवलेली पानं धनश्रीपुढे ठेवली.

"एक-दोन ठिकाणी हलकासा हात फिरवलाय, ताई."

धनश्रीनं 'पत्रा' हा निबंध काढला. तो तिला पाठ होता. अण्णांचं पहिलं वाक्य होतं: 'आमच्या गावात दोन स्मशानं आहेत, वरच्याला पत्रा आहे, खालचं दलित वस्तीचं, त्याला आभाळ आहे.' सरांच्या प्रतीत ते असं झालं होतं: 'काही अविकसित देशांत समाजातील काही घटकांसाठी अंत्यविधीच्या सुविधा अपुऱ्या असल्याचे आढळते.'

"सर, हा निबंध आपल्या गावावर आहे."

"होता," सर समाधानानं म्हणाले. "आता तो वैश्विक झालाय. मोठं साहित्य एका गावात अडकून पडत नाही."

"आमी कंट्रोलरला लहान केलं का, ताई?" बजरंगतात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "माणूस कधी जिल्ह्याच्या भाईर गेलता का? थेट परदेशात नेला की आमी."

"आणि शेवटचा परिच्छेद?"

"तो गाळला. पुनरुक्ती होत होती."

"ते त्यांनी एकदाच लिहिलंय, सर."

"एकदाच. पण वाचल्यावर ते सारखं आठवत राहतं. तीच पुनरुक्ती."

शेवटच्या परिच्छेदात अण्णांनी लिहिलं होतं की मी मेलो की मला खाली न्या.

गेल्या श्रावणात ते गेले तेव्हा झड लागली होती. धनश्रीनं जमलेल्या पुरुषमाणसांना ते वाक्य सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. एवढा मोठा माणूस खाली कसा न्यायचा, असं बजरंगतात्या हळहळून म्हणाले होते. लोक काय म्हणतील, पाहुणे चिखलात कुठं उभे राहतील. मग पुरुष अण्णांना घेऊन वर गेले आणि ती बायकांमध्ये घरी राहिली. अण्णा कोरड्या पत्र्याखाली, गावाच्या पूर्ण सन्मानात, स्वतःच्या मताविरुद्ध जळाले.

त्यानंतर तिच्या मनात एकच गोष्ट उरली होती. अण्णांचं शरीर तिला खाली नेता आलं नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं, त्यांनी लिहिलं तसं, एकदा या गावासमोर यायला हवं होतं. यासाठीच तिनं कात्रणं समितीला दिली होती. समितीनं त्यांचं काय केलं ते आता पुढ्यात लाल शाईत दिसत होतं.

"ह्यो निबंध असू द्या कसा बी," तात्या पुढे सरकले. "खरी गोष्ट तर अजून सांगितलीच न्हाई. अण्णांच्या नावानं स्मृती-निवारा बांधायलो आपण. पक्का. पत्र्याचा. त्यांचा जीव होता ना पत्र्यावर?"

धनश्रीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुठं?"

"वरच्या स्मशानात."

"वर तर पत्रा आहे."

"तो मढ्याला हाय. मयतीला आलेल्या लोकांला कुठंय? तासतास भाषणं चालतेत, लोकं उन्हात उभे. बाकडे टाकू. पंखे लावू."

"आणि खाली?"

"खालची जागा रेकॉर्डला न्हाई."

"मग वस्तीतली माणसं जळतात कुठं?"

"रेकॉर्डच्या भाईर," तात्या म्हणाले. यात न समजण्यासारखं काय आहे, ते त्यांना कळेना.

"निबंध आहे तसा छापा, नाहीतर छापूच नका," धनश्री म्हणाली.

"छपाई चालू झाली, ताई. आता कावून असं करायल्या?"

मंडळी गेल्यावर हरिओमनं कपबशा उचलल्या. तो तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. घरची मेंढरं त्यानंच सांभाळली होती.

"ताई, तू उद्या बीडला जाशील," तो खाली बघत म्हणाला. "मला हितंच राहायचंय. माझी मेंढरं तात्यांच्याच रानातून जातेत. ह्यांनी उद्या वाट बंद केली तर मी काय निबंध चारू त्यांला?"

 अण्णांनीही हा विषय लिहायला घेऊन दोनदा सोडून दिला होता.

"तू एक कर," हरिओम समजुतीच्या सुरात म्हणाला. "बुंदी-शेवेचे पुडे करायचेत, येणाऱ्याच्या हातावर द्यायला. तेवढं कागदाचं बघ. इसाकचाचांकडं रद्दी असतीय."

थोर निबंधकाराच्या पुण्यस्मरणात त्याच्या प्राध्यापक मुलीच्या वाट्याला रद्दी आली. तिनं ती तक्रार न करता स्वीकारली.

*

इसाकभाईंच्या छापखान्यात आता लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापले जात. साप्ताहिक कधीच बंद पडलं होतं. धनश्री पोचली तेव्हा मशिनीतून स्मृतिग्रंथाची पानं बाहेर पडत होती. जाड, गुळगुळीत, चकचकीत कागद. पानात स्वतःचा चेहरा दिसावा असा.

"आव बेटा," इसाकभाईंनी स्टुलावरचे गठ्ठे हलवले. "बघ तुझ्या बापाला कसला पॉलिश मारलाय. मी त्याचे निबंध इतके वर्षं छापले, एक अक्षर बदललं न्हाई. आज हे छापायलोय तर मशिनबी अडकायली. मी म्हनलं, बाई, तुला तरी लाज हाय."

"चाचा, मी पुड्यांसाठी कागद न्यायला आले."

"रद्दी?"

"रद्दी."

 दोघांनाही एकाच वेळी बीबीजानचा गाडा आठवला असावा, कारण इसाकभाई एकदम हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"'पत्रा'वाला अंक आहे का शिल्लक?" तिनं विचारलं.

"भज्यांत गेला सगळा. माझ्या फाइलला एक हाय." ते उठलेच. "पर नवीन छापू की. तसंच्या तसं. एका बाजूनंच छापतो, कोरी बाजू आत. शाई बुंदीला लागून कोणाचं पोट बिघडलं तर म्हनतील, बघा, विचार पचले न्हाईत."

"तात्या चिडतील तुमच्यावर."

"चिडू दे. त्याच्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. पत्रिका छापायला येतोय की न्हाई बघ."

पुण्यस्मरणाच्या सकाळी घरातल्या बायका पुडे बांधायला बसल्या. हरिओम दोऱ्याची गुंडी घेऊन आला, बसला, एक पुडा हातात घेतला आणि थांबला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. पुडा फिरवून मागच्या बाजूचं वाचलं. धनश्री त्याच्याकडे न बघता बुंदी भरत राहिली. वाट बंद व्हायची ती त्याची होणार होती. तो नको म्हणाला असता तर तिनं सगळे पुडे सोडले असते.

"दोरा कमी पडंल," हरिओम उठत म्हणाला. "आणखी आणतो."

*

मंडप भरला होता. पुढे गादीवर मान्यवर, मग पुरुष, एका बाजूला बायका, आणि सगळ्यात मागे, मंडपाचं कापड संपत होतं तिथं, खालची वस्ती. त्यांना तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं, याला तात्या सामाजिक सलोखा म्हणत.

कीर्तन झालं. मग स्मृतिग्रंथाचं प्रकाशन झालं. रेशमी फीत सुटली, टाळ्या वाजल्या, ग्रंथ छातीशी धरून फोटो निघाले. तो उघडून कुणी अप्रतिष्ठा केली नाही. मग आठवणींची भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यासाठी अण्णांनी कधी ना कधी गाडी थांबवून ठेवली होती. भाषणं खरी मानली तर वडवणीहून एकही एसटी आजवर वेळेवर सुटलेली नव्हती.

पंडित सरांनी 'वेदनेचे वैश्विकीकरण' हा विषय घेतला, तेव्हा लोक उठायला लागले. बजरंगतात्यांची निवाऱ्याची घोषणा अजून व्हायची होती. रिकाम्या मंडपात घोषणा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हरिओम, पुडे सोड बे!" ते व्यासपीठावरूनच दबक्या आवाजात ओरडले, आणि माइक चालू असल्यानं ते सगळ्यांनी ऐकलं. "लोकं उठायलेत! पुडे वाटा, बसतेत!"

पुडे वाटले गेले. लोक बसले. आणि मंडपात अशी शांतता झाली की जी कीर्तनकार महाराजांना टाळमृदंग लावूनही जमली नव्हती. हातात छापील कागद आला आणि समोर भाषण असलं की माणूस कागद वाचतो; अण्णांना हे स्टँडवर कळलं होतं.

'आमच्या गावात दोन स्मशानं आहेत,' लोक वाचत होते. 'वरच्याला पत्रा आहे, खालचं दलित वस्तीचं, त्याला आभाळ आहे. आभाळ मोठं असतं, पण गळतं. पावसाळ्यात खाली कुणी गेलं तर चार माणसं चितेवर ताडपत्री धरून उभी राहतात. ताडपत्री वर धरली तर पाऊस आत येतो, खाली धरली तर पेटते. आग आणि पाणी दोन्ही आवरत ती चार माणसं आपल्या माणसाला निरोप देतात. मी एका पावसात हे लांबून पाहिलं. लांबून पाहणं आम्हाला चांगलं जमतं. वर पत्रा घातला तेव्हा ठराव झाला की गावाची सोय झाली. म्हणजे खाली जळतात ते गावाचे नाहीत. मग त्यांची मतं गावाच्या पेटीत कशी निघतात? मी मेलो की मला खाली न्या. माझ्यासाठी चौघांना ताडपत्री धरावी लागली, तर पाहणाऱ्या पाचव्याला कदाचित लाज वाटेल.'

तात्यांना वाटलं, ही शांतता आपल्यासाठी आहे. त्यांनी माइक जवळ ओढला.

"बंधू-भगिनींनो, अण्णांच्या स्मृती जपण्यासाठी आपण भव्य असा पत्र्याचा निवारा बांधायलो आहोत!"

टाळ्या आल्या नाहीत. मागून, कापड संपत होतं तिथून, मुक्ताबाई उभी राहिली. ती वस्तीतली, अंगणवाडीत मदतनीस. तिच्या एका हातात पुडा होता, न सोडलेला.

"तात्या, निवारा खाली हाय का वर?"

"कोन हाय ते? खाली बसा, बाई. कार्यक्रम चालू हाय."

"कार्यक्रमातलंच इचारायले. ह्या कागदावर कंट्रोलरसाहेबांनी खाली म्हनलंय."

"कोनता कागद?"

शेजारच्या मान्यवरांनी त्यांना पुडा दाखवला. तात्या वाचू लागले. मदतीसाठी त्यांनी पंडित सरांकडे पाहिलं. सर आपला पुडा मांडीवर घेऊन सवयीनं खिशातलं लाल पेन काढत होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं बुंदी चावता चावता शेजाऱ्याला विचारलं, आणि त्याला कमी ऐकू येत असल्यानं तो मोठ्यानं बोलला: "आरं, कंट्रोलर तर खाली न्या म्हनतोय. मग आपुन त्याला वर कावून जाळला?"

 अण्णांना खांदा दिलेले सगळे तिथंच बसलेले होते. सगळ्यांच्या हातात पुडे होते, तोंडात बुंदी होती, आणि सगळे तात्यांकडे बघत होते, कारण तिथं बघणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

बजरंगतात्या तीन निवडणुका जिंकलेला माणूस. वारा कुठून येतो हे कळायला त्यांना कागद वाचून संपवावा लागत नसे.

"खालीच!" ते गरजले. "मी वर म्हनलो का? कोन म्हनलं वर? अण्णांचा शब्द म्हणजे आमाला आज्ञा!"

"आणि रेकॉर्ड?" बायकांच्या बाजूनं धनश्रीनं विचारलं. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"लावू की रेकॉर्डला, ताई. जागा कुठं पळून चाललीय?"

मग टाळ्या आल्या. तात्यांनी त्या दोन्ही हात जोडून स्वतःकडे घेतल्या.

*

निवारा झाला, आणि खालीच झाला. घोषणेचा व्हिडिओ तात्यांच्याच माणसांनी गावभर पाठवला होता, त्यामुळे मागे फिरायला वाट राहिली नाही. त्यावर पाटी आहे. पाटीवर 'मा. बजरंगतात्या यांच्या संकल्पनेतून' ही अक्षरं रस्त्यावरून वाचता येतात. अण्णांचं नाव वाचायला जवळ जावं लागतं. तात्यांना हल्ली सामाजिक विषमतेवर बोलायला बोलावतात. पंडित सर त्यांच्या भाषणांचं पुस्तक काढणार आहेत. हरिओमच्या मेंढरांची वाट अजून चालू आहे. विचारवंताच्या मुलाची वाट अडवणं तात्यांना आता परवडत नाही.

पुढच्या आषाढात धनश्री वडवणीच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होती. पाऊस होता. गाड्या आता कुणी दुसराच पुकारत होता, घाईघाईनं, शब्द गिळत. तिनं बीबीजानकडून भजी घेतली आणि बाकावर बसली. भजी कागदावर घसरत होती. तिनं पाहिलं: जाड, चकचकीत पान. 'काही अविकसित देशांत समाजातील काही घटकांसाठी...'

"कुठून आणला हा कागद, खाला?"

"शाळेतून रद्दीत गठ्ठाच आला," बीबीजान कढईवरून म्हणाली. "लई बेकार कागद, बेटी. तेल पीतच न्हाई. कोणी वाचत बी न्हाई. बाकडं मातर पटापट रिकामं होतंय."

तेवढ्यात मुक्ताबाई आली, पदर डोक्यावर, पायांना चिखल. ती धनश्रीच्या शेजारी टेकली.

"आमची सासू गेली, ताई. सारजाबाई. मागच्या आठवड्यात."

"पाऊस होता तेव्हा," धनश्री म्हणाली.

"धो धो. पहिलंच मढं ते, निवाऱ्यातलं." मुक्ताबाई समोरच्या पाण्याकडं बघत होती. "आमचे चौघं सवयीनं ताडपत्री घेऊनच गेलते. पत्र्याखाली गेल्यावर त्यांला कळंना, आता करायचं काय. हात कुठं ठेवावं ते बी सुधरंना. एकानं मागं बांधले. मग माझा दीर खाली बसला अन् तोंडावर हात घेऊन पोरासारखा रडाया लागला. बाकीचे बी लागले. ताई, आमच्या गड्यांला मी मयतीत रडताना पहिल्यांदा बघितलं. आधी कुणाचा हातच मोकळा नसायचा."

बीडची गाडी लागली. माणसं फलाटाकडं धावली. धनश्रीच्या एका हातात भजी होती, दुसऱ्या हातात पर्स. तिनं दोन्ही बाकावर ठेवलं.